आठवी-नववीला व्हेपवर तास घ्यावेत की नकोत?

राजारामपुरीचा मास्तर
आमच्या शाळेत मुलांच्या बाथरूममध्ये फ्लशच्या टाकीमागं एक व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडला. साफसफाईच्या मावशींनी "कुणाचा तरी हायलायटर पडलाय सर" म्हणून माझ्या टेबलावर आणून ठेवला. फिकट हिरवा, बोटाएवढा, खाली चार्जिंगचं भोक, वास आंब्याच्या गोळीचा. स्टाफरूममध्ये निम्म्यांना ते काय आहे तेच कळेना. नववीच्या पोरांना मात्र फ्लेवरसकट सगळं ठाऊक.

माझं म्हणणं, आठवीपासून यावर नियमित तास हवेत. आत्ता काय होतं? 31 मेला तंबाखूविरोधी दिन, तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी. मग जूनमध्ये कधीतरी शपथ उरकायची, फोटो वर पाठवायचा, संपलं. पोरं समजतात ती नुसती वाफ आहे. त्यातलं निकोटिन सॉल्ट, म्हणजे सौम्य लागणारं निकोटिन, घशाला टोचत नाही, पहिल्या झुरक्याला ठसका लागत नाही, म्हणूनच जास्त निकोटिन आत जातं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

पेठेतला पैलवान
सर, राग मानू नका, पण हे उलटं चाललंय. 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण, जाहिरात सगळं बंद आहे. विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी मिळतंय. मग विकणाऱ्याच्या मुसक्या आवळायच्या का पोरांना वर्गात बसवून आंबा-पुदिन्याचे फ्लेवर सांगायचे? ज्याच्या डोक्यात नाही त्याच्याही घालाल.

आणि खरं बोलू? आपल्याकडचं दुखणं मावा आहे. शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकायची नाही, हा नियम 2003 चा. आमच्या भागात शाळेनं पिवळी रेघ मारली, टपरी रेघेच्या आतच. दुकानदार रेघेवर गाडी लावतो.

शाहूपुरीची आई
टपरी बंद करून काय होणार भाऊ? ऑर्डर इन्स्टावर, पैसे यूपीआयवर, माल पार्सलनं. माझ्या मुलाच्या क्लासमधल्या पोरांकडं असाच येतो. रोज गेटवर दप्तर तपासा, एवढं केलं तरी पुरे. तास कसले घेताय, आधीच सिलॅबस संपत नाही.

राजारामपुरीचा मास्तर
ताई, साठ दप्तरं तपासेपर्यंत पहिला तास जातो, आणि व्हेप मोज्यात मावतो.

ओपीडीतून
पैलवानांची शंका अगदीच फेकून देण्यासारखी नाही. अमेरिकेत 1983 पासून डेअर नावाचा कार्यक्रम चालला. पोलीस वर्गात येऊन व्यसनाबद्दल सांगायचे. लोकप्रिय प्रचंड, पण पुढं अभ्यास झाले तेव्हा व्यसनावर फारसा फरक दिसला नाही. ज्यूल या व्हेप कंपनीनं तर स्वतःच शाळांसाठी कार्यक्रम काढला होता, टीका झाल्यावर 2018 मध्ये गुंडाळला. म्हणजे तास कोण घेतोय हेही बघावं लागतं.

पण सगळेच तास फुकट जातात असं नाही. आरोग्यावरचं संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात शाळांमधले 134 अभ्यास तपासले, सिगारेटवरचे. नुसती माहिती देऊन फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. मित्रांच्या आग्रहाला तोंड देणं आणि स्वतःचे निर्णय घेणं, दोन्ही जिथं एकत्र शिकवलं तिथं पोरं सिगारेटकडं कमी वळली. तेव्हा काळ्या फुप्फुसाचं पोस्टर लावून सुटका नाही मास्तर. वर्गात दोघांना उभं करा, एकानं पुढं करायचं, दुसऱ्यानं मैत्री न तोडता टाळायचं. हसतील, हसू देत.

अकरावी सायन्स
सगळे मोठेच बोलताय म्हणून लिहितोय. तासाला कुणी खरं बोलणार नाही. आमच्याकडं एक जण सापडला, दुसऱ्या दिवशी पालक, तिसऱ्या दिवशी दाखल्याची भाषा. त्यानंतर ज्याला सोडायचं होतं तोही गप्प बसला. सकाळी उठल्या उठल्या ओढल्याशिवाय ज्याला अभ्यास सुचत नाही, त्याला नकाराचा सराव देऊन काय उपयोग? तो कधीच पुढं गेलाय.

ओपीडीतून
बरोबर. त्याला उपचार लागतात, दाखला नव्हे. 1800-11-2356 ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, निदान तेवढा नंबर तरी बाथरूमच्या दारावर चिकटवा.

शाहूपुरीची आई
म्हणजे सापडला तर काहीच करायचं नाही? उद्या माझ्याच पोराला त्यानं दिलं तर?

राजारामपुरीचा मास्तर
घरी कळवायचं, समुपदेशकाकडं पाठवायचं. विकताना सापडला तर गोष्ट वेगळी. ओढणारा आणि विकणारा एकाच मापात मोजला तर दोघंही लपतील.

पेठेतला पैलवान
आणि पोरांना मावा देणाऱ्या टपरीवाल्याचं काय? अल्पवयीन मुलाला तंबाखू दिली तर बालन्याय कायद्याचं कलम 77 आहे, सात वर्षांपर्यंत कैद. शाळेनं कधी एक तक्रार दिलीय का? ती आधी द्या, मग तास घ्या. आणि घ्यायचाच असेल तर पीटीच्या जागी घेऊ नका, पोरांचं मैदान आधीच गणितवाल्यांनी खाल्लंय.