मदत हवी आहे: गवताच्या परागकणांची अ‍ॅलर्जी, इंजेक्शन की जिभेखालचे थेंब?

मुलगा ११ वर्षांचा, आम्ही सासवडला राहतो. पाऊस ओसरून गवत फुलोऱ्यावर आलं की याचं सुरू होतं. उठल्या उठल्या लागोपाठ पंधरा-वीस शिंका. मैदानावरून आला की पापण्या इतक्या सुजतात की डोळे अर्धेच उघडतात. बघवत नाही.

सेटिरिझिन (अ‍ॅलर्जीची गोळी) आणि नाकातला फ्लुटिकासोन स्प्रे तीन वर्षं नियमित चालू आहे, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. प्रिक टेस्ट, म्हणजे त्वचेला टोचून करतात ती अ‍ॅलर्जीची चाचणी, झाली आहे (गोळी आठवडाभर आधी बंद ठेवली होती). हरळीला ७ मिमीची गांध उठली, धुळीतल्या माइट्सना (बारीक किड्यांना) काहीच नाही. सौम्य दमा आहे, इन्हेलरने आटोक्यात.

डॉक्टर इम्युनोथेरपी सुचवताहेत, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी आहे तेच थोडं थोडं इंजेक्शनने किंवा जिभेखालच्या थेंबांतून देऊन शरीराला सवय लावायची, निदान ३ वर्षं. इंजेक्शन घ्यायचं तर सुरुवातीला दर आठवड्याला पुण्याला जायचं, वर प्रत्येक वेळी अर्धा तास तिथेच थांबायचं. माझी नोकरी शिफ्टची, म्हणून थेंब सोयीचे. पण सोयीपायी पोराला गुण कमी यावा असं अजिबात नको.

ज्यांच्या मुलांनी हरळीसाठी थेंबांचा कोर्स पूर्ण केला, त्यांना विचारायचंय: फरक कितव्या हंगामापासून जाणवला आणि थेंब बंद केल्यावर तो टिकला का?