‘अल्पसंख्याक भाषा’ की ‘अल्पसंख्याकांची भाषा’?

प्रश्न : ‘कुर्दी ही तुर्कस्तानातली अल्पसंख्याक भाषा आहे’ हे वाक्य बरोबर आहे का? मला खटकतंय. अल्पसंख्याक माणसं असतात, भाषा कशी असेल? आणि कुर्दी म्हणायचं की कुर्दिश?

– कुर्दी. अरब-अरबी, तसं कुर्द-कुर्दी. ‘कुर्दिश’ इंग्रजीतून आलंय, चालतं एवढंच. आणि हो, ‘अल्पसंख्याकांची भाषा’ जास्त बरं. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३० मधले हक्कसुद्धा अल्पसंख्याक समाजांना आहेत, भाषांना नाहीत.

– व्याकरण सोडा हो, खरी पंचाईत पुढेच आहे. तुर्की कायद्याच्या लेखी कुर्द अल्पसंख्याक नाहीतच! १९२३ च्या लोझान तहात (पहिल्या महायुद्धानंतर तुर्कस्तान आणि दोस्त राष्ट्रांत झालेला करार) अल्पसंख्याक म्हणजे बिगरमुस्लिम; व्यवहारात आर्मेनियन, ग्रीक आणि ज्यू. बहुतेक कुर्द मुसलमान, त्यामुळे संख्येनं या तिघांपेक्षा कितीतरी जास्त असूनही ते या शब्दाबाहेर राहिले. त्याच तहाच्या ३९ व्या कलमात कुठल्याही तुर्की नागरिकाला व्यापारात, वृत्तपत्रांत, सभांत कोणतीही भाषा वापरायची मोकळीक आहे. कुर्दीच्या वाट्याला ती आली नाही.

१९८३ चा २९३२ क्रमांकाचा कायदा तर शब्दांच्या कसरतीचा नमुना. त्यात कुर्दीचं नावच नाही. तुर्कस्ताननं मान्यता दिलेल्या देशांच्या ‘पहिल्या’ अधिकृत भाषेखेरीज इतर भाषांत विचार मांडायला बंदी, असं कलम. ‘पहिल्या’ कशाला? इराकमध्ये कुर्द भागात अरबीच्या जोडीनं कुर्दीही अधिकृत होती. नुसतं ‘अधिकृत’ लिहिलं असतं तर कुर्दी सुटली असती! १९९१ मध्ये हा कायदा रद्द झाला.

– पण आता शाळेत शिकवतात ना?

– ऐच्छिक विषय म्हणून, २०१२ पासून, पाचवीपासून पुढे. विषयाचं नाव ‘जिवंत भाषा आणि बोली’. म्हणजे इथंही नाव घ्यायचं टाळलंच. २००९ पासून चोवीस तासांची सरकारी कुर्दी वाहिनी आहे, पण १९८२ च्या राज्यघटनेचं कलम ४२ जागचं हललेलं नाही : तुर्कीखेरीज दुसरी भाषा ‘मातृभाषा म्हणून’ शिकवायची नाही. क्यू, डब्ल्यू, एक्स ही अक्षरं कुर्दी लिहायला लागतात, पण तुर्की वर्णमालेत नाहीत. शुभेच्छापत्रावर नवरोझचं (नववर्षाच्या सणाचं) स्पेलिंग डब्ल्यू घालून केलं म्हणून खटले झालेत. २०१३ नंतर ही अक्षरं वापरायची सूट मिळाली.

– पुष्कळ कुर्दांनाही ‘अल्पसंख्याक’ म्हणवून घेणं नको असतं. आम्ही या प्रजासत्ताकाचे संस्थापक घटक, पाहुणे नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आणि इराकबद्दल लिहिताना तर हा शब्द भाषेला लावूच नका. तिथं २००५ च्या राज्यघटनेच्या कलम ४ नुसार अरबी आणि कुर्दी दोन्ही अधिकृत आहेत.

– मग असं लिहू का : ‘तुर्कस्तानात कुर्द संख्येनं अल्प आहेत, पण कायद्यानं अल्पसंख्याक नाहीत, त्यांच्या भाषेला शाळेत फक्त ऐच्छिक विषयाचं स्थान आहे’?

– उत्तम. फक्त ‘सरकारी शाळेत’ करा. खासगी शाळांसाठी २०१४ चा कायदा वेगळा आहे.