‘मशीनने हरवलं’ म्हणणाऱ्यांना विचारायचंय

दिंडोरीकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘महाविकास आघाडीवर लोकांचा विश्वास आहेच, नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेत मतदान यंत्राने, मशीनने हरवलं.’ डोकं तापलं वाचून. जून 2024 ला लोकसभेच्या 48 पैकी 30 जागा कोणत्या मशीनने दिल्या? डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा आमचा लाल कांदा काढायला आलेला. तो चाळीत टिकत नाही, पडेल भावात द्यावाच लागतो. तेव्हा विरोधातली माणसं लिलावात येऊन उभी राहिली, म्हणून आम्ही केंद्रातल्या मंत्रीणबाई भारती पवारांना पाडून आघाडीच्या भास्कर भगरे मास्तरांना दिल्लीला धाडलं. पुढचे पाच महिने आघाडीच्या नेत्यांचं एकच, मुख्यमंत्री कोण आणि जागा कुणाला!

यादी तपासा: पाच महिन्यांत राज्याच्या मतदार यादीतली नावं 9.30 कोटींवरून 9.70 कोटी झाली, त्यावर बोला की. निकालानंतर सोलापूरच्या मारकडवाडीत लोक स्वतः मतपत्रिकेवर मतदान घ्यायला निघाले तर जमावबंदी लावली.

दिंडोरीकर: यादीची चौकशी व्हावी, मान्य. पण मारकडवाडी ज्या माळशिरसमध्ये येते तिथे आघाडीचाच उमेदवार निवडून आला.

यादी तपासा: मग उरलं काय? बायकांनी ‘लाडकी बहीण’च्या 1500 रुपयांत मतं विकली, एवढंच.

लातूरची सून: तोंड सांभाळून बोला. ‘विकली’ कुणाला म्हणता? बावीस वर्षं संसार केला, माझ्या खात्यावर माझ्या नावाने पहिल्यांदा पैसे आले ते या योजनेचे. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणायला आता नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. तुमचे नेते आधी म्हणाले तिजोरीवर बोजा आहे, मग म्हणाले आम्ही 3000 देतो. कोणतं खरं धरायचं?

यादी तपासा: आणि 2100 चं वचन देणाऱ्या महायुतीला काही विचारणार नाही?

लातूरची सून: विचारते ना, रोज विचारते. सोयाबीनचंही विचारते. 2024 ला हमीभाव क्विंटलला 4892 होता, आणि खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला म्हणून आमची पोती परत. ट्रॅक्टरचं भाडं अंगावर पडलं, शेवटी आडतीवर 3900 ने घातलं. त्या दिवशी केंद्राबाहेर दीडशे शेतकरी होते. विरोधी पक्षाचा एक माणूस दाखवा! त्यांच्या प्रचाराची गाडी मात्र संध्याकाळी गल्लीतून गेली, 7000 भाव देऊ म्हणत.

सांगोल्याचा: ताई बरोबर बोलतायत. आमचे आबा, गणपतराव देशमुख, अकरा वेळा आमदार, बहुतेक काळ विरोधातच. पाण्यासाठी भांडत राहिले, एसटीने फिरले. 2024 च्या महायुतीच्या त्याच लाटेत त्यांचा नातू शेकापकडून (शेतकरी कामगार पक्ष) निवडून आला, तेही आघाडीने समोर वेगळा उमेदवार दिलेला असताना.

यादी तपासा: ‘विकली’ हा शब्द मागे घेतो, चुकलं. यादीचा मुद्दा सोडणार नाही.

दिंडोरीकर: नका सोडू. फक्त ती यादी घेऊन एकदा आमच्या गावात या, घरोघर फिरू. मी येतो सोबत.

लातूरची सून: आणि सोयाबीनच्या वेळी आमच्याकडे.