मदत हवी आहे: पीडियाट्रिक्स (बालरोग) घ्यावं की पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र)?

नमस्कार मंडळी, मी सरकारी कॉलेजात इंटर्न आहे, पुढे नीट पीजी (पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) आणि एक वर्षाचा सरकारी सेवेचा बॉण्ड आहेच. प्रश्न ब्रँचचा आहे. मला लहान बाळांचं फार वेड, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) ड्युटी असली की झोप नाही मिळाली तरी चालतं, दीड किलोचं बाळ कांगारू केअरसाठी आईच्या छातीशी ठेवलं आणि त्याचे गार तळवे हळूहळू कोमट लागायला लागले ना की खूप भारी वाटतं. पण ग्रामीण पोस्टिंगनंतर वाटतंय की कितीतरी बाळं आपल्यापर्यंत येतात तेव्हा उशीर झालेला असतो, खरं काम गावात आशाताईंसोबत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन मृत्यूदर कमी करून दाखवला, १९९९ चा लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला तो पेपर डोक्यातून जातच नाहीये. घरचे म्हणतात पीएसएम घेऊन प्रॅक्टिस कशी चालणार.

पीडियाट्रिक्स करून गावपातळीवर काम करणारं कुणी आहे का इथे? पीएसएमवाल्यांनो, पेशंट बघायला मिळतात का हो तुम्हाला? आणि बॉण्डला दुर्गम भागातली पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) घेतली तर अभ्यास होतो का? प्लीज सविस्तर सांगा.