१६ थ्रेड लावले तरी कोड ४ थ्रेडपेक्षा हळू चालतोय, का?

कर्वेनगर_कोडर: फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, मोठ्या सॅटेलाइट फोटोंचा हिस्टोग्राम (कोणत्या व्हॅल्यूचे किती पिक्सेल याची मोजणी) काढायचाय. एक पिक्सेल म्हणजे एक टास्क असं धरून थ्रेड पूलला (रांगेतून काम उचलणाऱ्या, एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडच्या गटाला) दिलंय, २५६ खान्यांचा एकच अ‍ॅरे आणि त्याला एक म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक). कॉलेजच्या मशीनला १६ कोर आहेत तरी १६ थ्रेडला ४ थ्रेडपेक्षा जास्त वेळ लागतोय. टास्क जितके बारीक तितकं काम सगळीकडे सारखं वाटलं जाईल ना?

पाषाणचा_काका: वाटलं जाईल रे, पण वाटपाचाच खर्च कामापेक्षा मोठा झालाय. एका पिक्सेलचं काम काय, एक व्हॅल्यू वाचायची नि एक मिळवायचा. त्यासाठी टास्क रांगेत टाका, थ्रेडने उचला, लॉक घ्या, सोडा, यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. त्यात लॉक एकच, म्हणजे पंगतीत वाढपी १६ पण भाताचं पातेलं एक. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा २५६ चा अ‍ॅरे दे, लॉक काढून टाक, शेवटी एकदाच बेरीज कर, १६ गुणिले २५६ म्हणजे फक्त ४०९६ खाने. आणि टास्क पिक्सेलचा नको, शेपाचशे ओळींचा कर.

औंध_एचपीसी: काकांना अनुमोदन, फक्त तुकडे फार मोठेही करू नकोस. बॅरियरला, म्हणजे जिथे सगळ्या थ्रेडनी पोचल्याशिवाय पुढे जाता येत नाही तिथे, सगळे सगळ्यात हळू थ्रेडसाठी थांबतात. हिस्टोग्रामला दर ओळीचं काम सारखंच, त्यामुळे ओपनएमपीचं (थ्रेडमध्ये काम वाटून देणारी सोय) स्टॅटिक शेड्युल, म्हणजे तुकडे आधीच वाटून टाकणं, पुरे, पण उद्या ढग ओळखायचं वगैरे केलंस नि काही तुकडे जड निघाले तर डायनॅमिक लाव, म्हणजे जो थ्रेड मोकळा होईल तो पुढचा तुकडा उचलेल. अजून एक, थ्रेडवार काउंटर शेजारी शेजारी ठेवू नकोस, कॅश लाइन (कोर मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा) बहुतेक ६४ बाइटची असते, ८ बाइटचे आठ काउंटर एकाच लाइनमध्ये बसतात आणि लॉक नसतानाही कोर ती लाइन एकमेकांकडून ओढत बसतात.

कर्वेनगर_कोडर: खूप आभार दोघांचे! म्हणजे आता १६ पट स्पीड मिळेल?

पाषाणचा_काका: नाही. फोटो डिस्कवरून एकच थ्रेड वाचतोय ना? कॉम्प्युटर डिझाइन करणाऱ्या जीन अ‍ॅमडालने १९६७ मध्येच हे मांडलंय, ५ टक्के काम जरी एकामागे एक होत असेल तरी १६ कोरला साधारण ९ पट मिळतं, आणि कोर कितीही वाढवले तरी २० च्या वर जात नाही. आपल्या सी-डॅकने १९९१ ला परम ८००० सुपरकॉम्प्युटर केला त्यात दर ट्रान्सप्युटरला (त्यातल्या प्रोसेसर चिपला) स्वतःची मेमरी, दुसऱ्याचा डेटा हवा तर मेसेजच पाठवायचा, तिथे कामाचा तुकडा केवढा हा विचार पहिल्या दिवसापासून करावाच लागायचा. तू आधी वाचायला किती वेळ जातो नि मोजायला किती, हे वेगवेगळं टायमर लावून बघ आणि आकडे इथे टाक, मग तुकड्याचा आकार ठरवू.