ट्रॅकवर ब्रेकचं पॅडल खाली जातं, मास्टर सिलिंडर बदलू का?

वेंगुर्ल्याचा एस्टीमवाला
नमस्कार मंडळी. माझी जुनी मारुती एस्टीम आहे, 1298 सीसी. आतून सगळी सोललेली, रोल केज (गाडी उलटली तर जीव वाचवणारा पिंजरा) बसवलेला. वर्षातून दोनतीनदा टेम्पोवर चढवून कोइम्बतूरला कारी स्पीडवे या रेसच्या ट्रॅकवर नेतो, एरवी ती घरामागच्या मांगरात असते. यंदाही पावसाळाभर तिथेच होती. दसऱ्याला बाहेर काढली, होतं नव्हतं ते तपासलं आणि नेली.

पाच लॅप झकास गेले. सहाव्याला सरळ पट्ट्याच्या टोकाला पाय दिला तर पॅडल लोण्यात सुरी जावी तसं खाली. दोनदा पंप केल्यावर थोडं वर आलं, गाडी कशीबशी वळणाबाहेरच्या मातीत थांबवली. गळती कुठेच नाही, बाहेरून बघितलं तर डिस्कला चिमटणारे पॅडही भरपूर शिल्लक. दुसऱ्या दिवशी पॅडल पुन्हा कडक. इथला मेकॅनिक म्हणतो पॅडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर गेला. तीन आठवड्यांनी परत निघायचंय, पण खरं सांगतो, त्या वळणापासून पायच धजत नाही.

चिपळूणचा रॅलीवाला
मास्टर सिलिंडरला एवढ्यात हात लावू नकोस. पॅड तापून कामातून गेले तर पॅडल कडकच राहतं, जीव खाऊन दाबलं तरी गाडी थांबत नाही. तुझं पॅडल खाली गेलं आणि गार झाल्यावर परत आलं. म्हणजे ऑइल उकळलं. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 4 प्रतीचं ऑइल कोरडं असेल तर किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की तीच हमी 155 वर येते. आपल्याकडे आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, मग ऑइलचं काय होत असेल! त्यात कारीचा लॅप जेमतेम दोन किलोमीटरचा, डिस्क गार व्हायला सवडच नाही. ऑइल कधी बदललंस?

वेंगुर्ल्याचा एस्टीमवाला
काका, निघायच्या आदल्या दिवशीच बदललं. डॉट 4 च. फळीवर अर्धी बाटली होती, पावसाच्या आधी फोडलेली.

चिपळूणचा रॅलीवाला
मग ते नवं नव्हतंच रे! चार महिने अर्धी बाटली मांगरात! सीलबंद आण. डॉट 5.1 मिळालं तर आणखी चांगलं, पण नाव सारखं वाटतं म्हणून डॉट 5 आणू नकोस, ते सिलिकॉनचं, यात चालत नाही. आणि तापलेली गाडी पिटमध्ये आणून हँडब्रेक ओढू नकोस. मांगरातही नको, मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. चाकाला चिऱ्याचा दगड लाव.

मालवणचो बोटवालो
काकांनी सांगल्यानी ता बरोबर. पण चाकां काढशीत तेव्हा कॅलिपरच्यो, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्याच्यो, पिनी हातान सरकतत काय बघ. खाऱ्या वाऱ्यान त्यो आतल्या आत गंजतत, मग पॅड डिस्कार घासत रवता आणि ऑइल तापता. साधा ग्रीस लावू नको, रबर फुगता. सिलिकॉनचा लाव.

वेंगुर्ल्याचा एस्टीमवाला
आज चारही चाकं काढली. पुढच्या डाव्या कॅलिपरची खालची पिन हलेचना. पाना लावून, ठोकून बाहेर काढली तर तिच्यावर लाल गंजाचा पापुद्रा. त्या बाजूचा आतला पॅड बाहेरच्याच्या निम्मा उरला होता. मी दर वेळी चाकाच्या फटीतून बाहेरचाच बघत आलो.

पिन नवी घातली, पॅडची जोडी बदलली. मग भाचा पॅडलवर आणि मी खाली, ‘दाब, धर, सोड’ करत हवा काढली. जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं आलं. नळीतून स्वच्छ धार येईपर्यंत थांबलो नाही. थोडं पत्र्यावर सांडलं, रंग जायच्या आत पाण्याने धुतलं. पॅडल आता वरच धरतं. नव्या सीलबंद बाटलीतलं उरलेलं ऑइल लगेच नाक्यावरच्या गॅरेजात देऊन आलो, तिथे एक गाडी ब्रेकच्याच कामाला उभी होती.