मदत हवी आहे: धनगरी कुत्र्यांना कायमचं घर (सातारा)

कोरेगावकर
जरा लवकर सांगा. घरमालकाने महिनाअखेरपर्यंतच मुदत दिली आहे. आमच्या शिवारात दर हिवाळ्यात मेंढरं बसवायला एक वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, यायचा. यंदा म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं गेलं, पोरांनी मेंढरं विकली आणि कुत्री तिथंच राहिली. दहा दिवस वाघरीच्या (मेंढरांभोवती लावायच्या जाळीच्या) उपटलेल्या खुंट्यांजवळ बसून होती, भाकरी टाकली तरी जागची हलेनात. शेवटी मी घरी आणली. रात्रभर भुंकतात, शेजारी भांडायला येतात. फार्महाऊसवाल्या दोघांना दिली, दोघांनीही आठवड्यात परत आणून सोडली. एका संस्थेकडे विचारलं, जागा नाही म्हणाले. आता कोणाला द्यायची?

नदीकाठ
किती आहेत? नर की मादी? वय, लस, नसबंदी? गाव कुठलं? काहीच कळत नाही.

मिरजकर७
कारवान जातीची असतील तर मी घेतो. सशामागे सोडायला बरी.

कोरेगावकर
घाईत राहिलं. तीन आहेत. दोन नर, डॉक्टरांच्या अंदाजाने चार-पाच वर्षांचे. मादी दोनेक वर्षांची. रहिमतपूरजवळ. रेबीजची लस मी दिली, नसबंदी नाही. मिरजकर, शिकारीला देणार नाही.

विट्याचा_पशुवैद्य
मिरजकर, ससा मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शिवाय कारवान नजरेवर धावणारं कुत्रं, हे राखणीचं. दोन्हींची गल्लत नको. कोरेगावकर, डिस्टेंपरची लसही द्या. तो रोग कुत्र्यांकडून लांडग्यांनाही होतो आणि आपल्या माण-खटावच्या माळावर लांडगे आहेत. गोचिडीही तपासा, कानात आणि बोटांच्या बेचक्यात. हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर रक्त तपासून घ्या.

मिरजकर७
आमच्याकडे शिकारीचा प्रघात जुना आहे, म्हणून विचारलं. बरं, मग माळावर परत सोडा. तिथलीच आहेत, जगतील.

नदीकाठ
उपाशी मरायला सोडणं हाही गुन्हाच, १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा बघा. माझं ऐका, साखळीने बांधा आणि रात्री रेडिओ लावून ठेवा. आमचा टॉमी तसाच शांत झाला.

जतचा_मेंढका
टॉमी घरातलं कुत्रं, त्याचं यांना लागू होत नाही. आमच्याकडं वाडवडिलांपासून मेंढरं आहेत म्हणून सांगतो. हे कुत्रं पिल्लू असतानाच मेंढरांत वाढतं, कोकरांच्या उबेला झोपतं. त्याचं घर म्हणजे कळप. दिवसा झोपतं, रात्री चकरा मारतं, लांब काही हललं की भुंकतं. ते त्याचं काम आहे. बंगल्यावर राखायला काही नाही म्हणून ते सैरभैर होतं. फार्महाऊसवाल्यांना देऊन तुम्ही त्यांचे हालच केले, राग मानू नका. मेंढरंवालाच शोधा.

कोरेगावकर
राग नाही. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. पण मेंढरंवाला गाठू कुठे? माणमधल्या दोन गावांत जाऊन आलो, घरात फक्त म्हातारी माणसं.

जतचा_मेंढका
दिवाळीनंतर वाडे बाहेर पडतात, पावसाच्या तोंडाला परततात. आत्ता गावात कोण असणार? दहिवडी किंवा आमच्याकडं रांजणीला शेळी-मेंढी महामंडळाचं मेंढी प्रक्षेत्र आहे, तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांत शब्द टाका. आणि कुठंही दिलं तरी एकदम सोडू नका. आठ-दहा दिवस जाळीच्या अलीकडं बांधायचं, भाकरी नव्या माणसाने तिथंच घालायची. मग साखळी धरून आत न्यायचं. नाहीतर पहिल्याच रात्री तुमच्या शिवाराची वाट धरतील.

विट्याचा_पशुवैद्य
आधी नसबंदी, मगच द्यायची.

जतचा_मेंढका
डॉक्टर, नसबंदी केली तर पुढं राखणीला पिल्लं कुठून आणायची? चांगली पैदास आधीच कमी झाली आहे.

विट्याचा_पशुवैद्य
आणि जास्तीची पिल्लं कुठे जातात? माझ्याकडे येतात, रस्त्यावर चिरडलेली.

नदीकाठ
ते नंतर भांडा. कोरेगावकर, म्हातारा आहे ना? कुत्री त्याची आहेत, त्याला विचारलंत का?

कोरेगावकर
विचारलं. बोलता येत नाही. मोबाईलवर फोटो दाखवले तर डाव्या हाताने स्क्रीनवरच्या थोरल्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. मग उशाचं घोंगडं माझ्याकडे ढकललं. ते ओसरीवर अंथरल्यापासून मादी त्यावरच झोपते, दोन तास का होईना. तिच्या गळ्यात लोकरीची दोरी आहे, ती मी काढली नाही.

जतचा_मेंढका
रविवारी घेऊन या. मादी आणि थोरला माझ्याकडं ठेवतो. माझी दोन कुत्री म्हातारी झालीत, माणूस असो का जनावर, राखणीला हात लागतातच. नसबंदीचं डॉक्टर म्हणतात तसं करू, थोरल्याची. घोंगडं आणायला विसरू नका. धाकटा नर नाही जमायचा, माझ्या नराशी मारामारी होईल.

कोरेगावकर
येतो. टेम्पो बघतोय. धाकट्यासाठी अजून कोणी? खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, कुठेही पोहोचवतो. फक्त मेंढरं हवीत.

नदीकाठ
त्याचा उभा फोटो टाका. मेंढरांजवळ कसा वागतो तेही लिहा.